नमॲरेचा जुना पत्ता

सोलापुरात टाइप एरर समजावून सांगायला जेकार्ड बरा पडतो. चादरीची नक्षी आधी ग्राफ पेपरवर काढतात, चौकोन भरलेला किंवा रिकामा. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात. भोक असेल तिथला हूक वर जातो, उभा धागा उचलला जातो. पण एका मापाच्या मशीनची कार्डं दुसऱ्या मापाच्या मशीनवर चालत नाहीत. नक्षीत काही चूक नसते, तरी चादर होत नाही.

इथल्या इंजिनिअरिंगच्या एका मुलीचा प्रोजेक्ट असाच अडला होता. चादरीच्या फोटोतून विणीतले दोष शोधायचे. फोटो पायथनमध्ये, हिशेब सिनिअर्सच्या सी प्लस प्लस कोडमध्ये, आणि मध्ये बूस्ट पायथन, तेही जुनं. सबमिशनला आठ दिवस उरलेले. एरर काय, तर म्हणे 'नमॲरे' नावाचं मॉड्यूल सापडत नाही. आता हे नाव तिनं कुठे लिहिलंच नव्हतं!

तर मंडळी, ही भानगड बरीच जुनी आहे. १९९५ च्या सुमारास जिम ह्युगुनिननं पायथनसाठी 'न्यूमेरिक' लिहिलं. हबल दुर्बिणीचं काम बघणाऱ्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटला अवाढव्य चित्रांसाठी ते पुरेना, म्हणून त्यांनी 'नमॲरे' काढलं. ते मोठ्या ॲरेला वेगवान, छोट्यांना मंद. झाले दोन तट! शेवटी २००५ मध्ये ट्रॅव्हिस ऑलिफंटनं दोन्ही एकत्र आणायचं मनावर घेतलं आणि २००६ मध्ये नंपाय १.० आलं.

बूस्ट पायथनमधला जुना ॲरे क्लास मात्र त्याआधीचा. तो आधी नमॲरे शोधतो, मग न्यूमेरिक. नंपाय त्याच्या गावीही नाही! मॉड्यूलचं आणि टाइपचं नाव आपण एका ओळीत सांगितलं की गाडी पुढे सरकते. २०१६ च्या शेवटी बूस्ट १.६३ मध्ये नंपायसाठी वेगळा भाग आला आणि २०१७ मध्ये १.६५ मधून हा जुना क्लास काढूनच टाकला.

ती ओळ घातली, तर पुढची एरर हजर: आर्ग्युमेंटचा टाइप सी प्लस प्लसच्या सिग्नेचरशी जुळत नाही. ॲरेतून काढलेला पूर्णांक हा नंपायचा इंट६४ असतो. लिनक्सवर पायथन २ मध्ये तो पायथनच्या इंटचाच वंशज होता, पायथन ३ मध्ये ते नातं तुटलं. फ्लोट६४ मात्र अजूनही पायथनच्या फ्लोटचा वंशज, त्यामुळे तो बिनबोभाट आत जातो. म्हणजे निम्मी फंक्शन्स चालतात, निम्मी नाहीत, आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. सगळंच बंद पडलं असतं तर बरं, असं वाटायला लावणारा प्रकार!

आकडा पाठवण्याआधी इंटमध्ये गुंडाळला, फोटोचा आठ बिटांचा ॲरे फ्लोट६४ केला, आणि सबमिशनच्या तीन दिवस आधी कोड धावला. नव्या भागावर तो हलवायचं काम पुढच्या बॅचकडे गेलंय.