एअरगनची टाकी घरी भरायची? हाय प्रेशर कंप्रेसर घेण्याआधी हे समजून घ्या

पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीत सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. सुमाताई म्हणजे २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये १० मीटर एअर रायफलची फायनल गाठलेल्या नेमबाज. त्यामुळे शिरढोण, पळस्पे, नवीन पनवेल या पट्ट्यातल्या बऱ्याच मुलामुलींना हा खेळ माहीत आहे. स्वतःची रायफल आली की पुढचा प्रश्न ठरलेला: हवा कुठे भरायची? मग मोबाईलवर व्हिडिओ दिसतो. छोटासा डबा, गाडीच्या बॅटरीवर चालतो, दहा मिनिटांत टाकी फुल्ल. घ्यावा का?

आधी आकडे बघू. बाईकच्या टायरमध्ये साधारण २ ते २.५ बार हवा असते. मॅच रायफलच्या सिलिंडरमध्ये २०० बार, काहींमध्ये ३००. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर २०० ते ३०० किलोचा जोर. पंक्चरवाल्याचा कंप्रेसर १० बारच्या आसपास थांबतो, त्यामुळे तो इथे काहीच कामाचा नाही. ऑनलाइन मिळणारे 'टायर इन्फ्लेटर' तर नाहीच नाही. दिसायला दोन्ही सारखे असतात, म्हणून घेताना कमाल दाब ३०० बार किंवा ४५०० पीएसआय असा लिहिलाय का ते बघा.

एवढा दाब एका दमात तयार होत नाही. छोट्या यंत्रात हवा दोन टप्प्यांत दाबली जाते, डायव्हिंगवाल्यांच्या मोठ्या यंत्रात तीन-चार टप्प्यांत. दाबलेली हवा तापते. म्हणून पंखा किंवा पाणी फिरवून यंत्र थंड ठेवावं लागतं आणि छोट्या यंत्राला मध्येमध्ये विश्रांती द्यावी लागते. गरम टाकीत २०० दिसणारा काटा टाकी निवली की खाली येतो. मशीन खराब नाही, हवा थंड झाली इतकंच. सावकाश भरा.

खरा शत्रू पाणी

व्हिडिओत हा भाग सहसा नसतो, आणि कोकणात तोच सगळ्यात महत्त्वाचा. जुलैतल्या आपल्याकडच्या दमट हवेत दर घनमीटरमागे साधारण २५ ग्रॅम पाण्याची वाफ असते. १० लिटरची टाकी ३०० बारपर्यंत भरायला ३ घनमीटर हवा लागते, म्हणजे जवळपास ७५ ग्रॅम पाणी. अर्धी वाटी! हवा दाबली की ओला स्पंज पिळल्यासारखं हे पाणी सुटतं. ते बाहेर काढलं नाही तर टाकीत जातं. स्टीलची टाकी आतून गंजते, रायफलचा रेग्युलेटर खराब होतो, आणि बाहेरून काहीच कळत नाही.

म्हणून कंप्रेसरला पाणी सोडायचा ड्रेन व्हॉल्व्ह असतो. चालू असताना दर काही मिनिटांनी तो उघडायचा. त्यानंतर हवा सुकवणारा फिल्टर हवा. त्यातले दाणे भिजले की बदलायचे, आणि पावसाळ्यात ते फार लवकर भिजतात. फिल्टरशिवायचा कंप्रेसर कितीही स्वस्त असला तरी शिरढोणच्या हवेत मी तो घेणार नाही. सीलला फक्त सिलिकॉन ग्रीस लावा. साधं तेल उच्च दाबाच्या गरम हवेत पेट घेऊ शकतं. आणि वेल्डिंगवाल्याकडून ऑक्सिजन भरून घ्यायचा विचार मनातही आणू नका.

मोठी टाकी की कंप्रेसर?

दुसरा मार्ग म्हणजे मोठी टाकी बाहेरून भरून आणायची आणि तिच्यातून रायफल भरायची. समजा रायफलचा सिलिंडर २०० मिलीचा आहे आणि तो १०० वरून २०० बारवर न्यायचाय. त्याला २० लिटर मोकळी हवा लागते. १० लिटरची टाकी ३०० वरून २०० बारवर येईपर्यंत १००० लिटर हवा देते, म्हणजे कागदावर ५० वेळा भरणं. प्रत्यक्षात थोडं कमी. टाकीच २०० बारची असेल तर मात्र पहिल्यांदाच १९८ वर थांबाल, पुढे दर वेळी अजून खाली. घेताना हा फरक विसरला जातो.

स्पर्धेत ६० शॉट असतात आणि एका भरण्यात ते सरावासकट आरामात होतात. आठवड्यातून दोन-तीनदा रेंजवर जाणाऱ्याला तिथेच हवा मिळत असेल, तर घरी कंप्रेसर ठेवण्यात अर्थ नाही. घरातच १० मीटरची लेन करून रोज सराव करणाऱ्याचं गणित वेगळं. एकट्यासाठी तीन टप्प्यांचा हातपंपही चालतो. घाम निघतो, पण लाईट गेली तरी अडत नाही.

कायदा आणि तारीख

४.५ मिमी कॅलिबर आणि २० ज्यूलच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही. मॅच रायफल साधारण ८ ज्यूलची असते, त्यामुळे ती यात बसते. टाकीचं तसं नाही. गॅस सिलिंडर्स रूल्स २०१६ मध्ये ५०० मिलीपेक्षा मोठं धातूचं भांडं 'सिलिंडर' ठरतं. मग ते मान्यताप्राप्त असावं लागतं, ठरलेल्या मुदतीत त्याची पाण्याच्या दाबाची चाचणी करावी लागते आणि भरण्यासाठी परवान्याचे नियम येतात. हे बघणाऱ्या पेसो या सरकारी संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. बाहेरून मागवलेल्या टाकीवर मान्यतेचा शिक्का नसेल तर ती कुणी भरून देईल अशी अपेक्षा ठेवू नका.

रायफलच्या छोट्या सिलिंडरवरही तारीख कोरलेली असते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमानुसार त्याची मुदत जास्तीत जास्त १० वर्षं, आणि ती पाळायची जबाबदारी खेळाडूची. सेकंडहँड रायफल स्वस्त मिळतेय? आधी त्या तारखेचा फोटो मागवा. मुदत संपलेला सिलिंडर घरच्या कंप्रेसरवर भरता येतो, कारण मशीन तारीख वाचत नाही. रेंजवर निदान कुणीतरी बघतं.

भरताना चेहरा टाकीच्या तोंडासमोर नको, लहान मुलं खोलीत नकोत. पाइप काढण्याआधी त्यातली हवा सोडा, नाहीतर तो सापासारखा उसळतो. ऑटो-स्टॉप असला तरी यंत्र चालू ठेवून दुसऱ्या खोलीत जायचं नाही.