कॉलेजच्या पोरांचा रेडिओ

मंडळी, कॉलेजची पोरं स्वतः रेडिओ चालवतात म्हटलं की आपल्याकडं लोक हसतात. पण याचं मूळ बघा. ९ फेब्रुवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, की प्रसारणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. त्या खंडपीठात आपले मराठी न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. तरी शिक्षणसंस्थांना परवाने द्यायचं धोरण ठरायला २००२ चा डिसेंबर उजाडला. पहिलं स्टेशन २००४ ला चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात लागलं. मग पुणे विद्यापीठाची विद्यावाणी, मुंबई विद्यापीठाचा रेडिओ मस्ट, मराठवाड्यात संभाजीनगरचा एमजीएम.

परवाना मात्र संस्थेच्या नावावर; पोरांच्या हाती फक्त माईक. आणि त्या माईकवर स्वतःची बातमी द्यायला बंदी! आकाशवाणीची आहे तशी लावा म्हणे. लहरी जनतेच्या, मग बातमी का नाही?

हवामान, परीक्षेचे निकाल, लाइट-पाण्याची माहिती चालते. १०० वॅटचा आवाज दहा-बारा किलोमीटर जातो. तीर्थपुरी अन् भोवतालच्या गावांना तेवढा बास. घनसावंगी तालुक्यातल्या एखाद्या कॉलेजनं अर्ज टाकावाच.