हवेची बंदूक: खोलून पाहावी की नुसती झाडावी?

१/
१० जून १८०५. उत्तर अमेरिकेत मिझुरी आणि मरायस या नद्यांच्या संगमावरील तळावर जॉन शील्ड्स नावाचा एक लोहार बंदुकीची मुख्य कमान नव्याने बसवीत होता. बंदूक मोहिमेचा नायक कॅप्टन मेरिवेदर लुईस याची. तीत दारू नव्हती, ठिणगी नव्हती. गोळी सुटत असे ती केवळ दाबून भरलेल्या हवेच्या जोरावर. या दुरुस्तीची नोंद लुईसने त्याच दिवशी रोजनिशीत केली.

२/
हवेच्या बंदुकीचा छंद असणाऱ्यांत आजही दोन पंथ आढळतात. एकाला ती खोलून, तिची कमान, दट्ट्या, वॉशर तपासून ती अधिक चांगली करण्यात रस असतो. दुसऱ्याला ती जशी आहे तशी उचलून निवांत नेम धरण्यात आनंद वाटतो. हा वाद छंदापुरता क्षुल्लक भासतो. परंतु त्याला सव्वादोनशे वर्षांहून अधिक इतिहास आहे.

३/
लुईसची बंदूक ज्या जातीची होती असे आज मानले जाते, तिचा जनक टायरॉल प्रांतातील कारागीर बार्टोलोमेउस जिरार्डोनी. त्याची हवाई रायफल ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास स्वीकारली. सुमारे १२ मिलिमीटर व्यासाच्या वीसेक गोळ्या नळीलगतच्या कोठीत एकदम भरता येत. साधा सैनिक एकेक गोळी ठासून भरत असे, त्या काळातील ही गोष्ट आहे.

४/
हवा साठविण्यासाठी बंदुकीचा दस्ताच पोकळ लोखंडी टाकीचा केलेला होता. ती टाकी हातपंपाने पूर्ण भरावयास सुमारे १५०० वेळा दांडा मारावा लागे. एकदा भरली की तीसच्या आसपास बार परिणामकारक होत. धूर नाही, ज्वाळा नाही, आवाजही दारूच्या बंदुकीहून पुष्कळ कमी. कागदावर पाहता हे शस्त्र आपल्या काळाच्या फार पुढे होते.

५/
परंतु टाकीचे सांधे गळत. चामड्याचे वॉशर सुकत. झडप आणि पंप नाजूक होते. सामान्य बंदूकवाला ते दुरुस्त करू शकत नसे; त्यासाठी खास शिकलेला कारागीर लागे आणि सैनिकालाही वेगळे शिक्षण द्यावे लागे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच ही रायफल सैन्यातून बाहेर पडली. सतत जाणकार हाताची गरज असलेले यंत्र रणांगणावर टिकले नाही.

६/
तीच बंदूक मोहिमेवर मात्र टिकली. आरंभ शुभ नव्हता. ३० ऑगस्ट १८०३ रोजी पिट्सबर्गजवळील एका बेटावर लुईसने ती काही लोकांना दाखविली. एका अनभ्यस्त माणसाच्या हातून बार उडाला आणि दूर उभ्या असलेल्या स्त्रीच्या कपाळाजवळून गोळी घासून गेली. ती वाचली. सहज मौजेने बंदूक कोणाच्याही हाती देण्याचा धडा पहिल्याच दिवशी मिळाला.

७/
पुढे ठिकठिकाणच्या मूलनिवासी प्रमुखांपुढे या बंदुकीचे प्रात्यक्षिक होई. दारूवाचून पुन्हा पुन्हा बार काढणारे हत्यार पाहून लोक चकित होत. मोहिमेच्या दृष्टीने तिचे खरे काम हेच होते: प्रभाव पाडणे. पण प्रत्येक प्रात्यक्षिकामागे दुरुस्तीचे अदृश्य कष्ट होते.

८/
७ ऑगस्ट १८०५ ची नोंद पाहावी. बंदूक बिघडली होती आणि तिची माशी अपघाताने निघून गेली होती. लुईसने स्वतः ती ठीक केली, नेम पुन्हा जुळविला आणि ती पूर्वीइतकीच चांगली मारू लागल्याचे समाधानाने लिहिले. ज्याने बंदूक झाडण्याचा आनंद घेतला, त्याच्यावरच ती खोलण्याची वेळ आली. रानात या दोन पंथांना वेगळे राहणे परवडत नव्हते.

९/
त्यांना वेगळे केले ते कारखान्याने. एकोणिसाव्या शतकात कमानीवर चालणाऱ्या स्वस्त हवाई बंदुका आल्या. टाकी नाही, पंप नाही. कमान दाबावी, छर्रा घालावा, चाप ओढावा. युरोप-अमेरिकेतील जत्रांत आणि नेमबाजीच्या दालनांत त्या रुळल्या. महाराष्ट्रातील जत्रेत फुगे फोडण्यासाठी मिळणारी छर्ऱ्याची बंदूक याच कुळातील.

१०/
अमेरिकेत मिशिगनमधील प्लिमथ गावी पवनचक्क्या बनविणारी एक कंपनी होती. १८८० च्या दशकाच्या अखेरीस क्लॅरेन्स हॅमिल्टनने रचलेली धातूची छोटी हवाई बंदूक तिने पवनचक्की घेणाऱ्या शेतकऱ्यास भेट म्हणून देण्यास सुरुवात केली. लवकरच लोक बंदूकच मागू लागले. १८९५ मध्ये कंपनीने नावच बदलले: डेझी. ज्याला यंत्राचे काही कळत नाही अशा मुलासाठी ही बंदूक होती. घ्यावी, आणि डबे पाडावेत.

११/
इंग्लंडमध्ये वेगळी वाट निघाली. बर्मिंगहॅमच्या लिंकन जेफ्रीसने १९०४ मध्ये एका हवाई रायफलचे एकस्व घेतले आणि १९०५ पासून बीएसए या शस्त्रनिर्मात्या कंपनीने ती बनविली. नळी पक्की, कमान दाबण्याचा दांडा नळीखाली. खेळण्याच्या पातळीवरून हवाई बंदूक येथे अचूक उपकरणाच्या पातळीवर आली.

१२/
ही रायफल इंग्लंडमधील मद्यगृहांतल्या घंटा-निशाण्याच्या खेळात लोकप्रिय झाली. सहा यार्डांवर, म्हणजे सुमारे साडेपाच मीटरवर, लोखंडी चकती. तिच्या मधोमध तीन अष्टमांश इंचाचे भोक. छर्रा त्यातून आरपार गेला की मागची घंटा वाजे. कामगार दिवसभर यंत्रांशी झगडून येत आणि संध्याकाळी ही घंटा ऐकत. येथे खेळ होता, संघ होते, स्पर्धा होत्या.

१३/
तरीही याच साधेपणात मोडतोडीचा मोह दडलेला होता. कमानीच्या बंदुकीची रचना ध्यानी घेतली की तो कळतो. चाप ओढताच दाबलेली कमान दट्ट्याला पुढे फेकते, दट्ट्या हवा दाबतो, हवा छर्ऱ्याला ढकलते. इतकेच. भाग मोजके, खोलण्यास सोपे. साहजिकच प्रत्येकाला वाटते: कमान अधिक ताठ घातली तर छर्रा अधिक वेगाने जाईल.

१४/
हे तितकेसे खरे नाही, हे प्रयोगाने दाखविणाऱ्यांत गेराल्ड आणि मायकेल कार्ड्यू या ब्रिटिश पितापुत्रांचे नाव अग्रभागी आहे. १९७० च्या दशकात त्यांनी हवाई बंदुकीचा शास्त्रीय अभ्यास पुस्तकरूपाने मांडला. ते व्यवसायाने शास्त्रज्ञ म्हणून नव्हे, तर कुतूहलाने बंदूक खोलणारे छांदिष्ट म्हणून ओळखले जातात.

१५/
त्यांचा एक प्रयोग विशेष गाजला. बंदुकीतील हवेच्या जागी नायट्रोजन वायू भरून त्यांनी बार काढले. छर्ऱ्याचा वेग लक्षणीय घटला. कारण नायट्रोजनमध्ये काही जळू शकत नाही. याचा अर्थ, एरवी दाबाने तापलेल्या हवेत वंगणाचा अंश जळत असतो आणि जोराचा काही भाग त्या ज्वलनातून येतो. ‘केवळ हवेवर’ चालणारी म्हणून ओळखली जाणारी बंदूक पूर्णपणे तशी नव्हती.

१६/
या शोधाने अनेक घरगुती समजुती कोसळल्या. जोर वाढावा म्हणून तेल ओतणाऱ्याच्या बंदुकीत स्फोटासारखे ज्वलन होते, बार दणक्याने निघतो आणि कमान व वॉशर लवकर मोडतात. कमान फार ताठ केली तर दट्ट्या पुढच्या हवेवर आदळून उसळतो. धक्का वाढतो, नेम बिघडतो, वेग मात्र फारसा वाढत नाही. खोलणाऱ्यांनीच खोलण्याच्या मर्यादा सिद्ध केल्या.

१७/
कायद्यानेही एक रेघ ओढली. ब्रिटनमध्ये १९६९ च्या नियमांनी हवाई रायफलसाठी १२ फूट-पौंड, म्हणजे सुमारे १६ ज्यूल, ही ऊर्जेची मर्यादा ठरविली. तिच्यापलीकडे गेलेल्या रायफलला बंदुकीचा परवाना लागतो. भारतात शस्त्र नियम, २०१६ मध्येही व्यास आणि ज्यूलमधील ऊर्जा यांवर अशीच विभागणी आहे. दुकानातून निर्दोष आलेली बंदूक घरच्या मेजावर बेकायदा होऊ शकते. मग मालकाचा हेतू कितीही निरागस असो.

१८/
मर्यादा ठरल्यावर कौशल्याची दिशा बदलली. जोर वाढविता येत नाही, तर प्रत्येक बार सारखा कसा होईल, याकडे लक्ष गेले. कमानीचा थरथराट वंगणाने शमविणे, दट्ट्या चपखल बसविणे, चाप हलका व निश्चित करणे. १९८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये ‘फील्ड टार्गेट’ हा मैदानी खेळ सुरू झाला आणि या सूक्ष्म कारागिरीला कसोटी मिळाली.

१९/
त्या खेळात वेगवेगळ्या अंतरांवर प्राण्यांच्या आकाराचे धातूचे पुतळे असतात. पुतळ्यातील लहान वर्तुळात छर्रा लागला तरच तो पडतो. विजय येथे शक्तीचा नसतो, सातत्याचा असतो. आणि सातत्यासाठी बंदुकीइतकाच नेमबाजही घडावा लागतो. आठवडाभर कमान घासत बसलेला स्पर्धक, रोज पन्नास छर्रे झाडणाऱ्या साध्या नेमबाजापुढे अनेकदा हरतो.

२०/
याची दुसरी बाजूही आहे. न उघडता वर्षानुवर्षे वापरलेली बंदूक हळूहळू मरते. चामडे सुकते, कमान बसते, जुन्या बीएसएची छर्रा भरण्याची तोटी झिजून हवा गळते. उलट, उत्साहाने घासूनपुसून, रंग बदलून, मूळ भाग टाकून ‘नवी’ केलेली जुनी बंदूक चालते खरी; पण तिच्या अंगावरील साक्ष पुसली जाते. संग्राहक हळहळतात ते याचसाठी.

२१/
ही साक्ष किती मोलाची असते, याचे उत्तर पुन्हा लुईसच्या बंदुकीशी नेते. मोहिमेनंतर ती कोठे गेली, ती नेमकी कोणत्या बनावटीची, यावर अभ्यासकांत दीर्घकाळ मतभेद होते. अमेरिकेतील हवाई बंदुकांचे ख्यातनाम विक्रेते व अभ्यासक रॉबर्ट बीमन यांच्या संग्रहात एक जिरार्डोनी रायफल होती. तिच्या हुबेहूब प्रतिकृती करण्यासाठी कारागिरांनी ती खोलली.

२२/
आत जुन्या दुरुस्त्यांच्या खुणा दिसल्या. मुख्य कमान मूळची नव्हती. कोणीतरी ती कानशीच्या पोलादातून हाताने घडविली होती. सुसज्ज कारखान्यातील कारागीर असे करीत नाही. हाती असेल त्यातून काम भागविणारा लोहार करतो. आणि रोजनिशीत १० जून १८०५ ची नोंद होतीच: शील्ड्सने कमान नवी केली.

२३/
हा परिस्थितिजन्य पुरावा आहे, नाव कोरलेला दाखला नव्हे. तथापि इतर खुणांसह तो इतका भक्कम ठरला की ही रायफल लुईसचीच असल्याचे मत बळावले. पुढे बीमन दांपत्याने ती पेनसिल्वेनियातील कार्लाइल येथील अमेरिकी लष्करी महाविद्यालयास अर्पण केली.

२४/
मधल्या दोन शतकांत एखाद्या हौशी मालकाने ती ओबडधोबड कमान फेकून सुबक नवी बसविली असती, तर बंदूक चालली असती आणि इतिहास गेला असता. ती कधीच कोणी उघडली नसती, तर कमान आतच अज्ञात राहिली असती. तिला वाचविले ते गरजेपुरते खोलणाऱ्या लोहाराने, हात आवरणाऱ्या मालकांनी आणि शेवटी जपून उघडणाऱ्या कारागिरांनी.

२५/
म्हणून या छंदातील जुन्या जाणत्यांचा परिपाठ आजही लक्षात ठेवण्याजोगा आहे. चालते आहे तोवर झाडावी. बिघडली तर खोलावी. काढलेला मूळ भाग टाकू नये, डबीत जपून ठेवावा आणि काय बदलले ते तारखेसह लिहून ठेवावे. लुईसने एवढेच केले होते: एका दिवसाच्या नोंदीत एक ओळ. तिच्याविना त्या कमानीचा अर्थ कोणालाच लागला नसता.

(समाप्त)