द्वंद्वातले दुसरे पद

व्याकरणात द्वंद्व समासाची दोन्ही पदे प्रधान असतात. टेनिसच्या दुहेरीचा इतिहास लिहिताना मात्र आपण नामवंत पदापाशीच थांबतो.

पुण्याहून दौंड ओलांडून सोलापूरकडे निघाले, की कुर्डुवाडीला बार्शीचा फाटा फुटतो. प्रार्थना ठोंबरे या बार्शीच्या. २०१४ साली इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झांसह त्यांनी महिला दुहेरीचे कांस्यपदक मिळवले. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये हीच जोडी पहिल्याच फेरीत पेंग शुआई व झांग शुआई यांच्याशी तीन सेट झुंजून हरली. दोन्ही प्रसंगांच्या आठवणीत सानिया ठळक राहिल्या. प्रार्थना केवळ ‘जोडीदार’ उरल्या.

खेळाचा नियम अधिक न्यायी आहे. दुहेरीत सर्व्हिस चौघींमध्ये पाळीने फिरते आणि परतवण्याची बाजू सेटभर ठरलेली असते. जोडीच्या सर्व्हिसचा आणि परताव्याचा जवळपास निम्मा भार दुसरीवर पडतोच. तिला ख्यातीच्या सावलीत लपता येत नाही.

मग लपवतो कोण? लपवते आपले लेखन. मुखपृष्ठावरून अनुवादकाचे नाव गाळणाऱ्या आपल्या साहित्यव्यवहाराला ही सवय अपरिचित नसावी. दुसरे पद गाळले, तर उरतो तो समास नव्हे, एकटा शब्द.