लुंबिनीचा स्तंभ आणि कुशिनारेचे गाव

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी एखादी जुनी इनामाची सनद जपलेली असते. देणारा कोण, गाव कोणते, सारा किती सोडला, हे तिच्यावरून सिद्ध होते. ज्या सत्पुरुषाच्या नावाने इनाम दिले त्याची कथा मात्र सिद्ध होत नाही. बुद्ध खरोखर होऊन गेले काय, या प्रश्नात हा भेद फार कामाचा आहे.

प्रश्न पोकळ नव्हता. एमिल सेनार या फ्रेंच पंडिताने १८७०च्या दशकात बुद्धचरित्र हे सूर्यकथेचे रूपांतर ठरवले होते. पुढे १८९६ मध्ये नेपाळच्या तराईत लुंबिनीचा अशोकस्तंभ उजेडात आला. अभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर राजा स्वतः आला, शाक्यमुनी बुद्ध इथे जन्मले म्हणून त्याने पूजा केली, गावाला बली हा कर माफ केला आणि सारा आठव्या हिश्श्यावर ठेवला, असा तो लेख आहे. सनदच म्हणा ना!

वाद मिटला असे पुष्कळांना वाटले. पण जवळच्याच निगाली सागरच्या स्तंभावर याच अशोकाने कोनाकमन बुद्धाचा स्तूप दुप्पट वाढवल्याचे कोरले आहे, आणि कोनाकमन म्हणजे गौतमाच्याही पूर्वीचे, पुराणकथेतले बुद्ध. एकाच साक्षीदाराचे एक वाक्य घ्यायचे आणि दुसरे टाकायचे, हे न्यायाला धरून नाही. लेखांवरून कळते ती अशोकाची श्रद्धा, तीही निर्वाणानंतर शतकाहून अधिक काळ लोटल्यावरची.

मला अधिक वजन वाटते ते ग्रंथांतल्या अडचणीच्या मजकुराचे. पाली ग्रंथ सिंहलात इ.स.पू. पहिल्या शतकात लिहिले गेले; तोवर सारे मुखोद्गत, म्हणजे भर पडलीच असणार. तरी महापरिनिब्बानसुत्तात आनंद विनवतो की या कुडामातीच्या खेड्यात देह ठेवू नये. चंपा आहे, राजगृह आहे, श्रावस्ती आहे. त्यावर कुशिनारा पूर्वी केवढी वैभवशाली नगरी होती, याची लांबलचक कथा येते. ती कथा कोणीही रचील. पण जी उणीव झाकायला ती रचली, ती उणीव कोण कशाला रचील? कल्पनेतला धर्मसंस्थापक राजगृहातच देह ठेवता.

गोव्याच्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांनी ‘भगवान बुद्ध’ (१९४०) या ग्रंथात अशीच चाळणी लावली. कंथक घोड्यावरून मध्यरात्री गुपचूप केलेला गृहत्याग त्यांनी बाजूला सारला. कारण अरियपरियेसनसुत्तात आईबाप रडत असताना, त्यांच्या मनाविरुद्ध आपण निघालो, असे बुद्धांच्याच तोंडी आहे. कोसंबींनी स्वतः १८९९ मध्ये पत्नी आणि तान्ही मुलगी मागे ठेवून घर सोडले होते. त्यांना कंथकापेक्षा ते रडणे खरे वाटले, याचे मला नवल वाटत नाही.