मांजर क्रमांक ४००

१९५९चा ऑक्टोबर. जपानमधल्या मिनामाता शहरात एक मांजर थरथरायला लागलं. त्याचा तोल जाऊ लागला, झटके येऊ लागले. प्रयोगातला त्याचा क्रमांक होता ४००. त्याच्या खाण्यात चिस्सो कंपनीच्या कारखान्याचं सांडपाणी मिसळलं जात होतं. आणि हा प्रयोग करणारे डॉक्टर हाजिमे होसोकावा कंपनीच्याच दवाखान्याचे प्रमुख होते.

मिनामाता क्युशू बेटावर, समुद्राकाठी आहे. तिथे १९०८ साली हा कारखाना आला. १९३२पासून त्यात ॲसिटाल्डिहाइड बनू लागलं. हे रसायन बनवताना पारा उत्प्रेरक म्हणून वापरत. त्यातून मिथाइल मर्क्युरी तयार व्हायचं आणि सांडपाण्याबरोबर समुद्रात जायचं. तिथून माशांत, शिंपल्यांत, मासे खाणाऱ्या मांजरांत आणि शेवटी कोळ्यांच्या घरात.

१ मे १९५६ रोजी होसोकावांच्या दवाखान्याने आरोग्य केंद्राला कळवलं, की मज्जासंस्थेच्या एका अनोळखी आजाराचे रुग्ण येत आहेत. हातपाय बधिर होत होते, बोलणं अडखळत होतं, नजर अरुंद होत होती. पुढे आईच्या पोटातच विषबाधा झालेली बाळंही जन्माला आली. जुलै १९५९मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवलं. कंपनीने ते नाकारलं.

अशा वेळी मांजर क्रमांक ४०० आजारी पडलं. आता उत्तर कंपनीच्या घरातच होतं. व्यवस्थापनाने प्रयोग थांबवायला लावला आणि निष्कर्ष बाहेर येऊ दिला नाही.

डिसेंबरमध्ये कंपनीने गाजावाजा करून सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र बसवलं. त्याचं नाव सायक्लेटर. उद्घाटनाला कंपनीच्या अध्यक्षांनी ग्लासभर पाणी पिऊन दाखवलं. पण पाण्यात विरघळलेला सेंद्रिय पारा काढण्यासाठी ते यंत्र बनवलेलंच नव्हतं. त्याच महिन्यात रुग्णांच्या कुटुंबांशी करार झाला. थोडी ‘सांत्वनाची रक्कम’ घ्यायची आणि उद्या कारखानाच दोषी ठरला, तरी जास्तीची भरपाई मागायची नाही. कराराच्या कागदावर सह्या झाल्या, तेव्हा मांजराचा निकाल कंपनीकडे होता. कुटुंबांना त्याचा पत्ताही नव्हता.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे रिलीजच्या आदल्या दिवशी बग सापडला, की कोणीतरी म्हणतं, ‘नोन इश्यू म्हणून टाक, पुढच्या वेळी बघू.’ बहुतेक वेळा त्याने कोणाचं फारसं बिघडत नाही. मिनामाताबद्दल वाचल्यापासून ते दोन शब्द मला सहज लिहिता येत नाहीत.

कारखान्यातली ती प्रक्रिया मे १९६८मध्ये बंद झाली. मांजराच्या निकालानंतर साडेआठ वर्षांनी. मधल्या काळात, १९६५ साली, निइगाता भागात आगानो नदीकाठी हाच आजार उघड झाला. कंपनी वेगळी, प्रक्रिया तीच. चिस्सोने आपला निष्कर्ष वेळीच जाहीर केला असता, तर दुसऱ्या कंपनीला ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणायला जागा उरली नसती.

१९७०मध्ये होसोकावांनी रुग्णालयातल्या खाटेवरून कोर्टाला मांजर क्रमांक ४००ची साक्ष दिली. त्याच वर्षी ते वारले. मार्च १९७३मध्ये कुमामोतोच्या कोर्टाने चिस्सोला दोषी ठरवलं आणि तो सांत्वनाचा करार रद्द केला. रासायनिक कारखान्याने सांडपाणी सोडण्याआधी उपलब्ध असलेलं उत्तम ज्ञान वापरून त्याची तपासणी करायला हवी, धोक्याची शंका आली तर काम थांबवायला हवं, अशी कोर्टाची भूमिका होती.

त्यातला ‘शंका’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. कंपन्या पर्यावरणाबद्दल बोलतात तेव्हा ‘आम्ही नियम पाळतो’ म्हणतात, ‘पुरावा दाखवा’ म्हणतात. पण समुद्रात काय सोडलं जातंय, हे सगळ्यात आधी सोडणाऱ्यालाच कळू शकतं. म्हणून त्याची जबाबदारीही सगळ्यात आधी सुरू होते.

होसोकावांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. प्रयोग करणारे तेच, शेवटी बोलणारेही तेच. पण मधली दहा वर्षं गप्प राहणारेही तेच होते. पगार देणाऱ्याविरुद्ध बोलायला किती बळ लागतं, हे नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या गप्प राहण्याची किंमत मात्र त्यांनी नाही, कोळ्यांच्या मुलांनी मोजली.