आप्पासाहेब भोसले : तेरा महिन्यांची गादी आणि रायपूर

रायपूर राजधानी झाले ते २००० साली, असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः छत्तीसगडचे मुख्य ठाणे रतनपूरहून येथे आले ते १८१८ मध्ये. आणि त्यामागे नागपुरातील एक अल्पजीवी सत्ताग्रहण आहे.

मुधोजी उर्फ आप्पासाहेब हे व्यंकोजी भोसले यांचे पुत्र. 'सेनाधुरंधर' हे लष्करी पद व छत्तीसगडचा सुभा व्यंकोजींकडे होता. नागपुरात राहून सुभेदारांमार्फत हा मुलूख चालविण्याची त्यांचीच पद्धत. मार्च १८१६ मध्ये दुसरे रघूजी वारले. त्यांचे पुत्र परसोजी शरीराने व मनाने दुर्बल होते. कारभार हाती यावा म्हणून आप्पासाहेबांनी प्रतिपक्षाच्या धर्माजी भोसल्यांना कैद केले आणि मे महिन्यात इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. रघूजींनी जो तह अखेरपर्यंत टाळला, तो पुतण्याने काही आठवड्यांत मान्य केला. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजींचा मृत्यू झाला. हा खून आप्पासाहेबांनीच करविला, असा ठपका पुढे आला. गादी मात्र त्यांना मिळाली.

मेख येथेच होती. ज्या फौजेच्या आधाराने सत्ता घेतली, तिनेच राजाचे हात बांधले. ते सोडविण्यासाठी नोव्हेंबर १८१७ मध्ये त्यांनी पेशव्यांकडून सेनापतिपदाची वस्त्रे स्वीकारली. २६ व २७ नोव्हेंबरला सीताबर्डीची लढाई हरली. जानेवारीत इंग्रजांनी कडक अटींवर त्यांना पुन्हा गादीवर बसविले, मार्चमध्ये कैद केले. मे महिन्यात ते पहाऱ्यातून निसटले. महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या साथीने झुंजले आणि १८४० मध्ये जोधपुरात निवर्तले.

नागपूरच्या गादीवर बाल रघूजी तिसरे बसले. कारभार रेसिडेंट जेंकिन्स यांच्याकडे गेला. छत्तीसगडात आलेले ॲग्न्यू हे लष्करी अधिकारी. त्यांनी ठाणे रायपूरला आणले, २७ परगण्यांची फेररचना करून ते ८ केले आणि मुलखाचा तपशीलवार अहवाल लिहिला. १८३० मध्ये राज्य भोसल्यांना परत मिळाले, तरी त्यांचे जिल्हेदार रायपुरातच बसत.

परकी अंमलाचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. ॲग्न्यूंनाही रयतेने निवडले नव्हते. परंतु आप्पासाहेबांनी आपल्या वडिलोपार्जित सुभ्याकडे मुलूख म्हणून कधी पाहिलेच नाही. त्यांचे सारे लक्ष गादीकडे होते. गादी तेरा महिन्यांत गेली; ठाणे मात्र दोनशे वर्षांनंतरही जागच्या जागी आहे.